क्षारांचा आधार

"रविवारी संध्याकाळी घर बघायला येणार आहेत," काकूंनी बाथरूमच्या दाराबाहेरून सांगितलं, तेव्हा काका शॉवरखाली उभे होते आणि शॉवर त्यांना सोडून समोरच्या भिंतीला आंघोळ घालत होता.

त्यात शॉवरचा दोष नव्हता. शहर जिथं संपतं आणि बोअरचं पाणी जिथं सुरू होतं, तिथली ही वस्ती. शॉवरची बहुतेक भोकं क्षारांनी कधीच बुजली होती. जी उरली होती ती मनाला येईल तिकडे थुंकायची. नळांना पांढऱ्या दाढ्या फुटल्या होत्या. गिझर तापायला लागला की पोटात गोटे फिरवल्यासारखा गुरगुरायचा. आणि साबणाला फेस येईपर्यंत माणसाच्या तोंडाला यायचा.

काका हे सगळं अभिमानानं सांगत. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांची नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी पाण्यातले क्षार मोजणारा पेनाएवढा मीटर घेतला आणि तो शर्टाच्या खिशाला लावला. कुणाच्याही घरी पाणी पुढं आलं की आधी मीटर प्यायचा, मग काका. बिल्डिंगमध्ये त्यांना 'मीटरकाका' म्हणत. त्यांच्यासमोर नुसतं 'काका'.

"खनिजं आहेत यात, खनिजं!" ते म्हणायचे. "लोक कॅल्शियमच्या गोळ्या विकत घेतात. आपल्याला नळाला येतं."

"म्हणूनच तुमचे गुडघे असे ठणठणीत आहेत," काकू म्हणायच्या आणि गुडघ्याला लावायचं मलम आणून द्यायच्या.

पण हल्ली काकूंना थट्टा सुचत नव्हती. लेक दुसऱ्या शहरात, तिचे दिवस भरत आलेले. रोज फोनवर एकच: "आई, कधी येतेस?" लेकीच्या घराजवळ एक छोटं घर काकूंनी हेरूनही ठेवलं होतं. पण हे विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं, आणि हे विकलं जात नव्हतं. मागच्या खेपेला आलेल्या बाईंनी नळावर नख ओढलं, नखात आलेला चुना पाहिला आणि "कळवतो" म्हणून निघून गेल्या. 'कळवतो' म्हणणारी माणसं कधी कळवत नाहीत, एवढं काकूंना कळत होतं.

"अहो, या वेळी तेवढे नळ घासून ठेवा," त्या म्हणाल्या. "वरवर."

"वरवरचं काम मी आयुष्यात केलेलं नाही."

"म्हणून तर सांगतेय, वरवरच करा!"

काकांनी फोनवर एक व्हिडिओ शोधून काढला. हातात मोजे घातलेला एक गृहस्थ त्यात नळांशी फार गोड बोलत होता. त्याच्या सल्ल्यानं काकांनी शॉवर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. तासाभरानं तो असा निघाला की दुकानातून आणल्यासारखा. इथंच थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण यश आणि क्षार, दोन्ही एकदा चढले की सहज उतरत नाहीत.

रविवारी सकाळी काका हार्डवेअरच्या दुकानातून अॅसिडचा कॅन घेऊन आले. गच्चीवर प्रत्येक घराची वेगळी टाकी होती. त्यांनी आपल्या टाकीत हिशेबानं अॅसिड ओतलं, पाइप भरून घेतले, सगळे नळ घट्ट बंद केले आणि अॅसिडला काम करू द्यावं म्हणून स्वतः झोपले.

दुपारी उठून त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळ आधी खोकला, मग शिंकला, मग त्यानं पांढरे खपले टाकले आणि मग अशी धार सुटली की बादली जागची हलली.

"अगं, बघ! बघ!"

काकू धावत आल्या. लग्न करून या घरात आल्यापासून अशी धार त्यांनी पाहिली नव्हती. काका टाकी धुऊन पुन्हा भरेपर्यंत त्या नळाकडे बघत राहिल्या. 'आपला माणूस अगदीच काही वाया गेलेला नाही,' असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. ते बोलून दाखवलं नाही, हे बरं झालं.

पाहुणे वेळेवर आले. एक चष्मेवाला तरुण आणि त्याची बायको. तरुणानं बेसिनचा नळ सोडला आणि खूश झाला.

"काका, पाण्याला काय जोर आहे हो!"

"नुसता जोर? मीटर लावू?"

"नको," काकू पटकन म्हणाल्या. "चहा घ्या."

तेवढ्यात तरुणाची बायको पॅसेजच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाली, "हे ओलं कसलं?"

"सावली आहे," काका म्हणाले.

"वाढतेय."

"संध्याकाळी सावल्या वाढतातच, बाळ."

सावलीतून एक थेंब निघाला आणि सगळ्यांच्या देखत खाली आला. मागून दुसरा. काका पाइपाचा कॉक बंद करायला धावले. इतकी वर्षं क्षारांमुळे जागचा न हललेला तो कॉक आता सहज फिरला, फिरतच राहिला आणि त्यांच्या हातात आला. पॅसेजमध्ये कारंजं उडालं.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे वकील उभे होते, डोक्यावर उघडी छत्री.

"काका, मी माझ्या हॉलमध्ये छत्री घेऊन बसलोय. वर काय चाललंय हे विचारायचा मला अधिकार आहे की नाही?"

"आम्ही कळवतो," तरुण म्हणाला. दोघं भिंतीला अंग न लावता निघून गेले.

काकूंनी प्लंबरला फोन लावला. "पाइप धुतला?" तो पलीकडून ओरडला. "अहो, जुना लोखंडी पाइप तो, आतून कुजलेला! क्षारांनीच धरून ठेवला होता. निघालोच मी." म्हणजे तो आज येणार नव्हता. टाकी रिकामी झाली तेव्हाच पाणी थांबलं.

"म्हणजे इतकी वर्षं घर क्षारांवर उभं होतं," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही ते धुऊन काढलंत."

काका ओल्या स्टुलावर बसून होते. "मला तुला लेकीकडे लवकर पोचवायचं होतं गं," ते हळूच म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला आणि वकिलांकडे वळल्या.

"वकीलसाहेब, दावा लावणार?"

"अलबत! नुकसानभरपाईचा."

"निकाल कधी लागेल?"

वकिलांनी छत्री मिटली. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "लागेल... यथावकाश."

"तोपर्यंत घर काही विकलं जात नाही. म्हणजे आम्ही इथंच. हे वर, तुम्ही खाली." काकूंनी चहाचा कप पुढं केला. "यांनी अजून गिझरला हात लावलेला नाही. शिवाय गच्चीवर अर्धा कॅन शिल्लक आहे."

वकिलांनी छताकडे पाहिलं. मग टॉवेलखालच्या काकांकडे पाहिलं. काका नेमके मीटर पुसत होते.

"भाव काय सांगताय?" वकिलांनी विचारलं.

त्यांनी भाव पाडला आणि काकूंनी तो पाडू दिला. खाली वकिलांनी ऑफिस थाटलं आणि वर, थेट गच्चीखालच्या घरात, ते स्वतः राहायला आले. आपल्या डोक्यावर पुन्हा कुणी माणूस नको, एवढीच त्यांची अपेक्षा होती. काका-काकू लेकीजवळ गेले, नातीच्या आधी पोचले. तिथलं पाणी इतकं मऊ होतं की अंगावरचा साबण निघता निघत नसे. काकांनी पहिल्याच दिवशी मीटर बुडवला आणि चेहरा पाडला. "यात काही नाहीच गं. नुसतं ओलं आहे."

काही महिन्यांनी वकिलांचा फोन आला. "काका, आश्चर्य! कॉक नवा बसवला, पाइपही बदलायला काढणार होतो, तर गळती आपोआप थांबली. क्षारांनी सगळी भोकं बुजवली."

"बघ!" काका काकूंकडे वळून गरजले. "आपलं पाणी!"

"फक्त एक आहे," वकील म्हणाले. "शॉवर भिंतीवर उडतोय. तुम्ही त्यावर काय केलं होतं?"

काकांचा चेहरा उजळला. "अगदी सोपं! आधी हार्डवेअरवाल्याकडे जायचं, मग गच्चीवर—"

काकूंनी फोन काढून घेतला, बंद केला आणि त्यांच्या हातात नात दिली. नातीचं तोंड दुधाच्या मुठीएवढ्या बाटलीकडे वळलेलं होतं. काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता. काकूंनी तो सकाळीच तपासला होता.