म्हस्के सरांचा काळा डबा

म्हस्के सरांकडे चहाला गेलं की ते आधी तुमचा मोबाईल काढून घेतात आणि एका काळ्या डब्यात कोंबतात. पहिल्या खेपेला माझी बोबडीच वळली. नवाकोरा फोन होता हो!

सरांनी शांतपणे आपल्या फोनवरून माझ्या नंबरला रिंग दिली. डबा खणखणला. सरांचं तोंड उतरलं. "सांध्यातून गळतंय," ते म्हणाले.

सर म्हणजे आमचे शेजारी. देवळाली प्रवऱ्याला विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या आणि महिनाभरात सरांचा हा उद्योग सुरू झाला. साखर कारखान्यातून उसाच्या चिपाडांची काजळी आणायची, लेथवाल्याकडून लोखंडाचा चुरा आणायचा आणि दोन्ही चिकट रेझिनमध्ये कालवून परातीत मळायचं. त्याच परातीत भाकरीचं पीठ मळतात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"नुसता पत्रा मोबाईलची लहर परतवतो," सर सांगायचे. "आपल्याला ती जिरवायचीय. काळा थर जिरवतो, आतली फॉइल उरलीसुरली अडवते. पन झाकनाचा सांधा लई वाईट!"

हे सगळं कशासाठी, ते मात्र सांगायचे नाहीत. घराचं छत ठिबको, कुणाचं लग्न मोडो, सरांचं निदान एकच होतं: सांध्यातून गळतंय. आम्ही गल्लीत त्यावर पोट धरून हसायचो.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. "लावा फोन. काकूंना."

मी हादरलो. "काकूंना?"

"डब्यात तिचाच हाय."

मी काकूंचा नंबर लावला. डबा गप्प.

"दिवसभर वाजायचा," सर म्हणाले. "बचत गटाच्या बाया, बांगडीवाली, तिच्या लांबच्या बहिनी. लई जनांना अजून म्हाईतच न्हाई. किती जनांना सांगू?"

"मग बंद करा ना, सर. निदान आवाज तरी कमी करा."

"तिचा फोन बंद करू?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "तिनं मोठ्या आवाजावर ठेवलाय. मी कोन बदलनार? रोज चार्ज करतो, परत आत ठेवतो."

मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर आम्ही या माणसाला हसत होतो.

आठवड्याने गेलो, तर झाकणात पेन्सिल अडकवलेली.

"सर, सांध्यातून गळेल की!"

"गळू द्या. चार दिस गप हुता. मला घरात बसवंना. कुनीतरी अजून तिला बोलावतंय, हे कळाया पायजे."

तेवढ्यात डबा खणखणला. सरांनी फोन उचलला नाही. रिंग थांबेपर्यंत चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत बसले.