हात हुंगणाऱ्या जुबेदाआपा

ओतूरच्या एसटी स्टँडजवळ जुबेदाआपांचं शेतीऔषधांचं दुकान आहे. तिथं फळमाशीचा सापळा मागितला की आपा आधी गिऱ्हाइकाचा हात नाकाशी धरून हुंगतात. सडक्या पेरूचा वास आला, तरच सापळा.

"खाली पडलेले पेरू कोण उचलणार? मी? त्यातल्या अळ्या मातीत जाणार, माश्या होऊन वर येणार, अन् तुमी म्हणणार आपाचा सापळा बोगस! जावा, आधी खालचं उचला."

समोरच्या दुकानात सापळा विनाचौकशी मिळतो. तरी लोक आपांकडेच जातात, बोलणी खायला का होईना.

सापळा म्हणजे प्लास्टिकचा डबा, आत वासाची वडी. त्या वासाला भुलून फक्त नर माश्या आत शिरतात आणि मरतात. नवं लग्न झालेला कुणी आला की आपा हे रंगवून सांगतात. "फसतो तो नरच. मादी ढुंकून बघत न्हाई. तवा राव, बायकोला इचारून शेती करत जा."

माझीही पेरूची बाग आहे, पण मला वाकायचा कंटाळा. म्हणून दुकानात जाताना मी एक सडका पेरू दोन्ही तळव्यांना चोळला. आपांनी हुंगलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट चार सापळे दिले. मी शीळ घालत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, आपांची स्कूटी आमच्या बांधावर! "म्हणलं, सापळे नीट टांगलेत का बघावं." झाडांखाली पेरूंचा नुसता सडा.

"भाऊ, अत्तर लावून आला व्हता व्हय?"

माझी बायको सुनंदा हसून हसून खालीच बसली.

"उद्या उचलतो, आपा."

"उद्यापर्यंत माशी थांबती का तुमच्यासाठी?" आपांनी ओढणी कमरेला खोचली आणि स्वतः वाकल्या. साठी ओलांडलेली बाई वाकलेली आणि मी उभा, हे कसं दिसणार? दुपारपर्यंत आम्ही तिघांनी पाच क्रेट भरले आणि खड्ड्यात पुरले.

मग दर गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीला, आपा येऊ लागल्या. डबा हलवायच्या, आत डोकावायच्या, "लई नवरदेव पडले," म्हणायच्या. चार सापळे बघायला दहा मिनिटं लागत. सुनंदाशी गप्पांना दोन तास.

बहार संपला. मी सापळे उतरवून, धुऊन ठेवले. त्या गुरुवारीही स्कूटी आली. आपा झाडाखाली उभ्या राहून वर बघत होत्या.

"आपा, सापळे काढले की सोमवारीच."

"हां? बरं... म्हणलं, बघावं." स्कूटीची किल्ली या हातातून त्या हातात चालली होती.

घरातून सुनंदानं हाक दिली, "आपा, चहा टाकलाय. या आत."

आपा खाटेवर टेकल्या. त्यांचे मालक तीन वर्षांपूर्वी गेले, दोन्ही मुली लांब दिलेल्या, हे सगळ्या ओतूरला माहीत होतं. आपांच्या तोंडून मात्र कधी अवाक्षर नाही. बशीतला चहा निवत चालला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "सुनंदा, घरातलं सगळ्यात लहान पातेलं घेतलं तरी एकटीचा चहा तळालाच राहतो गं. मग करूच वाटत न्हाई."

सुनंदानं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मी बाहेर गेलो आणि आपांची स्कूटी उन्हातून काढून सावलीत लावली.