नानांच्या पिक्चरमधली चूक

एकनाथनानांकडे चहा प्यायचा असेल तर आधी पिक्चर पाहावा लागतो. पूर्ण ऐंशी मिनिटं. बरं, पिक्चरमध्ये आहे काय? नानांचे हात. हिरो नाही, हिरॉईन नाही, गाण्याचं तर नावच नको. लूमवरचं सूत संपलंय आणि नव्या सुताची टोकं जुन्याच्या टोकांना जोडायची आहेत. एक जोडलं, दुसरं जोडलं, तिसरं जोडलं. गॅसचं सिलिंडर द्यायला आलेल्या माणसालाही नानांनी एकदा बसवलं होतं. तो बिचारा बसल्या बसल्या घोरायला लागला.

मी सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. पाच वर्षांपूर्वी डिंडोलीच्या या सोसायटीत राहायला आलो आणि नाना शेजारी मिळाले. पारोळ्याकडून तरुणपणी सुरतेला आले ते थेट लूमच्या कारखान्यात, आणि तिथेच म्हातारे झाले. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या मंडळी वारल्या होत्या. मी सुमनवहिनींना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोतच.

पिक्चरची हकीगत नाना फार रंगवून सांगतात. पंधराएक वर्षांपूर्वी एक फ्रेंच बाई कारखान्यात आली. सगळ्यांना वाटलं, साड्यांची ऑर्डर द्यायला आली असणार. मालकाने थंडा मागवला. बाईने मालकाकडे ढुंकून पाहिलं नाही आणि कॅमेरा लावला तो नानांसमोर! दुसऱ्या दिवशी नाना लग्नातला सफारी चढवून, पावडर थापून हजर. बाईने चेहरा घेतलाच नाही.

"अकरा दिवस नुसते हात, मास्तर! एक गाठ मारली की म्हणायची, आंकोर. म्हणजे परत. मी म्हटलं, बाई, माझी गाठ पहिल्या फटक्यात बसते. तर पुन्हा आंकोर!" तेव्हापासून नानांना दुसरा कप चहा हवा असला की ते सुनेला "आंकोर" असंच म्हणतात. सून कपाळावर हात मारते, पण चहा टाकते.

पिक्चर तिकडे फ्रान्समध्ये लागला, पेपरांतून छापून आलं. बाईने कात्रणं पाठवली आणि नानांच्या नातीने मोबाइलवर भाषांतर करून ती वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं, इतका कंटाळवाणा पिक्चर उभ्या जन्मात पाहिला नाही, निम्मे लोक उठून गेले. नाना खूश! "कामच कंटाळवाणं आहे भाऊ. त्याला बरोबर समजलं." पण दुसऱ्याने फार कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकाने घात केला. पिक्चरमध्ये एका जागी नानांची गाठ चुकते, भलतंच टोक भलत्याला जोडलं जातं. ती चूक म्हणजेच या पिक्चरचा आत्मा, तिथे सगळं यंत्रयुग थरथरतं, असं त्याचं म्हणणं.

"डोंबल थरथरतं!" नाना उसळायचे. "सारी उमर बरोबर जोडलं, कोणी एक ओळ लिहिली नाही. एक धागा चुकला तर पेपरात!" मग ती जागा मागे नेऊन पुन्हा दाखवायचे. "बघा, इथं. बघितली चूक?" पुन्हा मागे. पाहुणा हात जोडेपर्यंत.

दर दिवाळीला ते माझ्याकडून बाईला इंग्रजीत मेल लिहून घ्यायचे, की तेवढा तुकडा काढा, आमची बदनामी होते. दरवर्षी बाईचं गोड उत्तर यायचं, की जमणार नाही. यंदा मात्र उलटंच घडलं. पिक्चरची नवी, स्वच्छ कॉपी निघतेय, तुमच्या मनाला इतका त्रास होत असेल तर ती तीन मिनिटं मी काढते, असं बाईने लिहिलं. मी अतिशहाणा! नानांना सांगण्याआधीच ‘जरूर काढा, आभारी आहोत’ असं उत्तर ठोकून मोकळा झालो आणि पेढे घेऊन शेजारी गेलो.

नानांनी पेढा हातात धरला तो धरलाच. "काढणार? खरंच काढणार?" मग उठून त्यांनी पिक्चर लावला, ती जागा आणली आणि आवाज मोठा केला. "हात नका बघू, मास्तर. ऐका."

शूटिंगच्या त्या दिवशी कारखान्यातली लाइट गेली होती म्हणून लूम बंद, सगळं शांत. मागून एका बाईचा आवाज आला, अहिराणीत, "भाकर थंडी व्हई ऱ्हायनी, जेवी ल्या पयले." नानांचा हात अडखळला, गाठ चुकली. लगेच नानांचा आवाज खेकसला, "दखास नही का? काम चालू शे! जाय घर!"

कारखान्यातली कोणी बाई असेल म्हणून तो आवाज मी आजवर कानाआड केला होता.

"फोटो आहेत तिचे," नाना म्हणाले. "आवाज एवढाच आहे. तक्रार केली नसती तर तोच तुकडा दोन-दोनदा लावायला निमित्त काय होतं? आणि मला काय ठाऊक, ती बाई ऐकेल म्हणून!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच बसून दुसरा मेल लिहिला, की कृपा करून काही काढू नका, त्यात यांच्या पत्नीचा आवाज आहे. दोन दिवस नाना जिन्यात घिरट्या घालत होते. जेवणावर वासना नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, की तुकडा राहील. पण बाईने पुढे लिहिलं होतं, इतकी वर्षं मला ते शब्द कळलेच नाहीत, आता पडद्यावर खाली फ्रेंचमध्ये त्यांचा अर्थ देते, दोघं काय बोलतात ते कळवा.

वहिनींचं वाक्य मी इंग्रजीत लिहिलं आणि नानांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"आता तुमचं वाक्य," मी म्हणालो.

नानांनी पिक्चर लावून त्याच जागी थांबवला. "डबा तिथंच ठेवून गेली ती. उन्हात, पायी. वळूनसुद्धा पाहिलं नाही मी."

मग हळूच म्हणाले, "लिहा, मास्तर. लिहा, की मी म्हटलं, येतो. बस दोन मिनिटं, आपण बरोबर जेवू."

चुकीच्या भाषांतराला मी जन्मभर लाल शाईने मार्क कापले. ते वाक्य मात्र नानांनी सांगितलं तस्संच लिहिलं आणि पाठवून दिलं.