दुपारची गर्दी

जेवता जेवता बायको म्हणाली, "दुपारी पार्लरमध्ये चिटपाखरू फिरकत नाही. पुढच्या महिन्यापासून कुलूप लावून दुपारी घरीच येईन म्हणते."

हेडक्लार्कच्या घशात घास अडकला. निवृत्तीनंतर (ऑफिसातही ते फार वेगळं काही करत नसत, पण तिथली खुर्ची कडक होती) दुपारचा सोफा, पंखा आणि तोंडावर वर्तमानपत्र एवढंच त्यांचं राज्य उरलं होतं. बायको घरी म्हणजे माळा आवरा, डबे पुसा, गळका नळ बघा! नुसत्या कल्पनेनं त्यांचे खांदे दुखू लागले.

"कुलूप? छे छे!" पाणी पिऊन ते म्हणाले. "अगं, रिकाम्या दुकानात कोण पाऊल टाकणार? गर्दी दिसली की गर्दी होते."

"मग आणा की गर्दी."

"आणतो!"

(जन्मभर त्यांनी प्रत्येक कामाला 'बघून सांगतो' म्हटलं होतं. 'आणतो' पहिल्यांदाच तोंडून निघालं, तेही बायकोसमोर.)

शेजारपाजारी विचारलं, तर कुणालाच सवड नव्हती. रिकामटेकडं माणूस असं एकच सापडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हेडक्लार्क पार्लरच्या काचेजवळच्या खुर्चीत आडवे झाले. अंगात गुलाबी गाऊन, डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या आणि चेहऱ्यावर फेसपॅक. मिशी गाडण्यासाठी एक जादा थर खर्ची पडला.

"आता तोंड उघडायचं नाही," बायकोनं बजावलं. "आवाज ऐकून येणारी बाई पळून जाईल."

"पण येणारी आहे कुठे?"

"तोंड!"

थोड्या वेळानं दार उघडलं. एक बाई डोकावली. "अय्या, गर्दी आहे वाटतं! राहू दे, नंतर येते." दार बंद. मग दुसरी आली, तीही तेच म्हणून गेली. 'अहो बाई, मी गर्दी नाही, मी घरचाच आहे!' असं हेडक्लार्कना ओरडावंसं वाटलं. पण लेप वाळून तोंडाचं दगडी धरण झालं होतं. एवढं नटवलेलं थोबाड, तेसुद्धा गिऱ्हाइकं पळवायच्याच कामाचं!

लेप गार होता, खुर्ची मऊ होती. आपल्या अकलेची कीव करता करता त्यांचा डोळा लागला आणि घोरणं सुरू झालं. फळीवरच्या बाटल्या किणकिणू लागल्या. बायकोनं खोकून पाहिलं, मग आवाज झाकायला हेअर ड्रायर लावला. घोरण्यानं ड्रायरलाही हरवलं. (हे सगळं त्यांना नंतर बायकोनं सांगितलं, तेही हसू आवरल्यावर.)

नेमकी तेव्हाच तिसरी बाई आत आली आणि खुर्चीपाशी थबकली. संपलं, असं बायकोला वाटलं.

"कोण हो या मावशी?"

"ने... नेहमीच्याच आहेत."

"काय नशीबवान बाई!" तिनं सुस्कारा सोडला. "घरी दुपारी जरा पडावं म्हटलं तर बेल, फोन, आणि आमचे हे! रिटायर झालेत, सोफा सोडत नाहीत, वर 'चहा टाकतेस का?' मला फेशियल नको. नुसतं असं झोपवा. पैसे फेशियलचे घ्या."

बायको मुळातच हुशार. तिनं तिथल्या तिथे पडदे ओढले, दिवे मंद केले आणि हेडक्लार्कना चिमटा काढून मागच्या दारानं घालवलं.

आठवड्याभरात दुपारची एकही खुर्ची रिकामी राहीना. "सांगितलं नव्हतं? गर्दीनं गर्दी होते!" हेडक्लार्कनी छाती फुगवली. राज्य वाचलं होतं. ते ऐटीत सोफ्यावर लवंडले, तोंडावर वर्तमानपत्र ओढलं आणि फोन वाजला.

"पार्लरचं बुकिंग ना?"

कसंबसं उत्तर देऊन त्यांनी फोन ठेवला, तोच तो पुन्हा वाजला. मग पुन्हा. शेवटी त्यांनीच बायकोला फोन लावला.

"हळू बोला, बायका झोपल्यात," ती कुजबुजली. "इथे फोन वाजला तर जाग्या होतील, म्हणून घरचा नंबर दिलाय सगळ्यांना. तुम्ही काय, रिकामेच असता."

तिनं फोन ठेवला न ठेवला तोच पुढचा वाजला.

"उद्या दुपारची वेळ मिळेल का हो?" एका बाईनं विचारलं. "फक्त एक करा, त्या घोरणाऱ्या मावशी असतील तेव्हाची नको. मैत्रिणीनं सांगितलंय मला."

हेडक्लार्कनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"खुशाल या, ताई," ते म्हणाले. "त्या मावशींना आता झोप कुठली मिळतेय!"