मशीनलाही दीर ठाऊक

आमच्या बबनभाऊजींनी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आयुष्यात पहिल्यांदा काही टाइप केलं, ते स्वतःचं नाव. नव्या घरी गेलं की आधी आपली ओळख सांगावी, ही त्यांची रीत. मशीननं इंग्रजीत कळवलं, की असलं काही आम्ही ओळखत नाही.

"वहिनी, अख्खं हिंगणघाट मले आवाजावरून वळखते. अन् हे घरचं मशीन म्हणते, वळखत नाई?"

खोटं नव्हतं ते. बबनभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बिनलग्नाचे, आमच्याच घरी राहणारे. सारी नोकरी बसस्टँडावर गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाले, पण माइक काही सुटला नाही. सकाळी स्वयंपाकघरातून घोषणा येते, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, चहा फलाट क्रमांक एकवर लागला आहे." मी वैतागून म्हणते, "भाऊजी, प्रवासी मी एकटीच हाये, हळू बोला." त्यावर तीच घोषणा पुन्हा. दोनदा पुकारायचं, असा नियमच आहे म्हणे.

अशा माणसाच्या डोक्यात कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायचा तो काळा पडदा, शिरला तो एका पेनड्राइव्हपायी. पोरीच्या हळदीचा व्हिडिओ त्यात होता, आणि त्या व्हिडिओत आमचे हे नाचले होते. चारचौघांत जेवायलाही लाजणारा माणूस, पण त्या दिवशी नाचला. वर्षभरात हे गेले. ज्या मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, तोही कधीचा बिघडला. मग फोटो छापायला पेनड्राइव्ह एका दुकानात गेला आणि व्हायरस घेऊन परत आला. उघडून पाहिलं तर आत काहीच नाही. दुकानदार म्हणाला, आता सारं पुसून टाका, बाकी इलाज नाही. मी रडरड रडले आणि नशिबाला बोल लावून मोकळी झाले.

भाऊजी मात्र म्हणाले, "गाडी लेट हाये वहिनी, रद्द नाई."

त्यांनी पोरीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर कपाटावरून उतरवला आणि मोबाईलमधल्या हिंदी मास्तराकडून शिकवणी सुरू केली. चप्पल बाहेर काढून त्या काळ्या पडद्यासमोर बसायचे. एका बोटानं टाइप करायचे. दोन शब्दांत जागा सोडायला विसरले की मशीन पुन्हा 'ओळखत नाही' म्हणायचं, आणि भाऊजी स्वतःलाच रागवायचे, "दोन गाड्या चिपकून लावशीन तर माणूस उतरन कुठून?"

एकदा मला हाक मारली. "वहिनी, हे वाचा बरं. डी, आय, आर."

"डिर?"

"दीर! दीर लिहून एंटर मारला का आत काय काय हाये ते सारं सांगते. मशीनले बी ठाऊक हाये, वहिनीच्या घरातलं दीरालेच इचारा लागते."

मला हसू आवरेना. पोरीनं फोनवर समजावलं, की तो एका इंग्रजी शब्दाचा तुकडा आहे. भाऊजी ढिम्म. "तुमच्या कालेजात अर्धंच शिकवलं," म्हणाले.

पण पेनड्राइव्हवर हा दीरही मुका झाला. आठवडा गेला, भाऊजींची जेवणावरची वासना उडाली. शेवटी एका दुपारी त्यांनी दीरापुढे एक तिरपी रेघ काढून ए जोडला. "लपून बसलेले बी दाखव, म्हणून सांगतलं त्याले."

एंटर मारला आणि पडद्यावर ओळी सरसरत उतरल्या. त्यांत एक नाव होतं, 'हळद'. माझ्या अंगावर काटा आला. व्हायरसनं काही खाल्लंच नव्हतं, नुसतं झाकून ठेवलं होतं. भाऊजींनी आणखी एक लांबलचक हुकूम टाइप केला, प्रत्येक जागा मोजूनमापून सोडली, आणि फोल्डर डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं. मी त्या पडद्याकडे पाहावं की ह्या माणसाकडे, मला कळेना. इतकी मोठी गाडी लागली होती, पण घोषणा काही झाली नाही. भाऊजींनी नुसता माउस माझ्याकडे सरकवला.

मी व्हिडिओ लावला तर भाऊजी उठून दाराकडे निघाले.

"पाहत नाई का, भाऊजी?"

"म्याच तर काढला. त्यात मी कुठं हावो?"

खरंच की. साऱ्या लग्नात मोबाईल त्यांच्याच हातात होता. एवढ्या पाहुण्यांत ते कुठंच दिसत नव्हते, आणि हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पडद्यावर हे नाचत होते, हात वर करून, वेड्यावाकड्या ठेक्यात. नाचता नाचता थांबले, सरळ आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बबन, ठेव ना तो मोबाईल. एकटाच काऊन उभा हायेस? ये इकडे."

व्हिडिओ तसाच चालू राहिला.

दारातून आवाज आला, "आलो, दादा." माइकवाला आवाज नव्हता तो. मी शेजारची खुर्ची ओढली. भाऊजी येऊन बसले, आणि नियमाप्रमाणे पुन्हा एकदा म्हणाले, "आलो, दादा."