चालक वगळून ट्रॅक्टर

जगात कोणतीही वस्तू आपणहून उलटत नाही. तिला कोणीतरी उलटवावे लागते. आमचा ट्रॅक्टर स्थैर्य विभाग याच तत्त्वावर उभा आहे.

पूर्वी ट्रॅक्टर खऱ्या उतारावर नेऊन तपासत. त्यात ट्रॅक्टर खराब होई (कधीकधी चालकही). आता सारे संगणकावर होते. पडद्यावर उतार चढवायचा, एक खड्डा पाडायचा. चहा संपायच्या आत ट्रॅक्टर खाली. सुरुवातीला तो शंभरातून एकतीस वेळा उलटायचा. विभागप्रमुखांनी डोके खाजवून कारण शोधले: चालक. तो मागे वळून बघतो, मान खाजवतो, घाबरला की ब्रेकवर उभाच राहतो. असला प्राणी समीकरणात बसवणे म्हणजे तागडीत बेडूक तोलणे. सबब चालक वगळण्यात आला. तेव्हापासून ट्रॅक्टर एकदाही उलटलेला नाही.

आता न उलटणाऱ्या ट्रॅक्टरला चालकाच्या डोक्यावर लोखंडी चौकट हवी कशाला? ती काढायचे ठरले. फक्त खऱ्या उतारावर एक फेरी तेवढी उरली. तिला चालक लागतो, ही खऱ्या उताराची जुनीच खोड आहे.

आमचे चाचणीचालक भिडस्त गृहस्थ. म्हणाले, "साहेब, चौकट तेवढी राहू द्या. घरी म्हातारी आहे, दोन लेकरं आहेत."

"अहो, हा आलेख बघा," विभागप्रमुख मायेने म्हणाले. "रेष जरा तरी हललीय का?"

"रेष नाही हलत, साहेब. मी हलतो."

"मग हलू नका."

चालकांनी शब्द पाळला. अर्ध्या उतारापर्यंत ते श्वासही बेताने घेत होते. मग मागचे चाक खड्ड्यात गेले आणि ट्रॅक्टर कलंडला. ते वाचले, पाय मात्र मांडीत मोडला.

चौकशी समितीने संगणकावर तोच उतार, तोच खड्डा पुन्हा घेतला. ट्रॅक्टर उलटला नाही. सबब अपघात झालाच नाही, असे एकमताने ठरले. हे चालकांच्या बायकोला सांगायला दवाखान्यात मला पाठवले होते.

"बरं," पलंगाच्या कडेला बसलेल्या त्या बाई म्हणाल्या, "मग यांचा पाय कशानं मोडला, भाऊ?"

प्रश्न रास्त होता, पण आमच्या कक्षेबाहेरचा. (मला फार वाईट वाटले. तशी नोंद करायला रकाना नाही.)

या यशानंतर विभागाचा विस्तार झाला. हल्ली आम्ही जिने, लिफ्ट, पाळणे आणि खुर्च्याही तपासतो, अर्थात माणूस वगळून. तुम्ही आत्ता बसला आहात ती खुर्चीही आमच्याकडूनच पास झालेली आहे. खुशाल हसा. फक्त हलू नका.