करवंदवाडीचा क्लब कुणाचा?

एका जंगलात, मुलांनो, करवंदवाडी नावाची वस्ती होती. शहरापासून फार लांब. इतकी लांब, की शहरातल्या चांगल्या गोष्टी तिथे पोचेपर्यंत शिळ्या व्हायच्या. वाईट गोष्टी मात्र ताज्या पोचायच्या.

वस्तीच्या मधून एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या अलीकडचे प्राणी पलीकडच्या प्राण्यांशी बोलत नसत. का बोलत नसत, ते दोन्हीकडे कुणालाच आठवत नव्हतं. पण भांडण वडिलोपार्जित होतं, आणि वडिलोपार्जित वस्तू कुणी टाकून देत नाही.

अलीकडे आवडाक्का राहायच्या. आवडाक्का म्हणजे घोरपड. अंगाने जाड, स्वभावाने शांत. एकदा जिथे बसल्या तिथून त्यांना हलवणं कुणाला जमायचं नाही.

एके दिवशी माळावर एक वाळका भोपळा घरंगळत आला. अलीकडच्या एका सशाने त्याला लाथ मारली. पलीकडच्या रानडुकराने ती परत केली. तासाभरात दोन्हीकडचे मिळून चाळीस प्राणी त्या भोपळ्यामागे धावत होते. आवडाक्का दोन पळसांच्या मधे ऊन खात पडल्या होत्या. भोपळा त्यांच्याकडे आला. त्या त्याच्यावर आडव्या झाल्या आणि तशाच ऊन खात राहिल्या.

त्या जंगलात गोलकीपर असा जन्माला आला.

पुढे भोपळ्याची जागा चेंडूने घेतली. तो सुगरणींनी वेलींचा विणून दिला होता. चामड्याचा चेंडू त्या जंगलात कुणी वापरत नसे. का, ते तुम्ही मोठे झालात की कळेल. दर रविवारी अलीकडचे विरुद्ध पलीकडचे असा सामना व्हायचा. भांडण होतं तसंच राहिलं, फक्त त्याला वेळ ठरली.

मग शेजारच्या पिंपळबनाला ही बातमी लागली. पिंपळबन मोठं जंगल. त्यांचा संघ चितळांचा. ते एका सकाळी आले. जेवणाआधी त्यांनी अलीकडच्यांना चौदा गोलांनी हरवलं. जेवण झाल्यावर पलीकडच्यांना चौदा गोलांनी हरवलं. जाताना त्यांचा कप्तान म्हणाला, "सराव चांगला झाला. तुमचा खरा संघ असेल तर पुढच्या वेळी त्यालाही आणा."

त्या संध्याकाळी आवडाक्का आयुष्यात पहिल्यांदा ओढा ओलांडून गेल्या. पलीकडे भीमाप्पा गवा मान खाली घालून उभा होता. पलीकडच्यांचा बचाव म्हणजे एकटा भीमाप्पा.

"भीमाप्पा, तुमच्यावर किती झाले?" आवडाक्कांनी विचारलं.

"चौदा."

"आमच्यावरबी चौदाच."

भीमाप्पाने मान वर केली. मग म्हणाला, "म्हंजे आपण सारखेच की, अक्का."

"सारखेच. उद्यापासनं तू माझ्यापुढं उभा राहा. धावू नको. नुसता उभा राहा."

अशा रीतीने करवंदवाडी फुटबॉल क्लबची स्थापना झाली. दोन्हीकडच्यांनी मिळून करवंदांच्या रसात सदरे रंगवले. रंग जांभळा आला आणि असा पक्का बसला, की सदरे काढले तरी खेळाडू दिवाळीपर्यंत जांभळेच दिसायचे.

क्लब पहिली दोन वर्षं एकही सामना जिंकला नाही. तरी दर रविवारी माळ भरायचा. प्राणी सहकुटुंब यायचे. घरून दशम्या आणायचे आणि पंच टिटवीला शिव्या द्यायचे. टिटवी पंच होती, कारण तिला शिट्टी लागत नसे. तिसऱ्या वर्षी पहिला विजय मिळाला. पाचव्या वर्षी माळावरचे दगड सगळ्यांनी मिळून वेचले. अकराव्या वर्षी भीमाप्पाने एक गोल हुकवला, दुसरा चुकून केला, आणि करवंदवाडीने तालुका ढाल जिंकली. ती रात्रभर कुणाच्या घरी ठेवायची यावरून वाद झाला. शेवटी आवडाक्कांनी तिच्यावर आडवं होऊन तो मिटवला.

ढाल आली आणि तिच्या पाठोपाठ विचारही आले.

क्लबचे चिटणीस विसोबा वानर. ते एकदा शहरात जाऊन आले होते आणि तेव्हापासून रोज जाऊन आल्यासारखं बोलायचे. त्यांनी सभा बोलावली.

"आता आपण व्यावसायिक व्हायला हवं," विसोबा म्हणाले.

"म्हंजे काय करायचं?" भीमाप्पाने विचारलं.

"हौशी संघ हरला तर घरी जातो. व्यावसायिक संघ हरला तर कारण देतो."

हे सगळ्यांना पटलं. कारणं देण्यासाठी एक प्रशिक्षक नेमला. तो कारणं चांगली देईना म्हणून त्याला काढून दुसरा नेमला. तीन वर्षांत सात प्रशिक्षक झाले. सातवा बगळा होता. तो एका पायावर उभा राहून विचार करायचा, आणि विचार संपेपर्यंत सामना संपायचा.

मग मोरेश्वरपंत आले.

मोरेश्वरपंत म्हणजे सागबनातले बडे मोर. त्यांनी एक सामना पाहिला. म्हणजे खरं तर सामना त्यांना पाहत होता, असं ते समजत होते. मध्यंतरात ते मैदानात उतरून नाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंतांनी तिथेच क्लब विकत घेतला.

वाईट माणूस नव्हता हो. म्हणजे मोर. त्यांना फक्त क्लबमध्ये स्वतःचं प्रतिबिंब नीट दिसत नव्हतं, एवढंच. म्हणून त्यांनी जांभळे सदरे काढून निळे आणले. करवंदवाडी फुटबॉल क्लबचं नाव ठेवलं 'निळा पिसारा इलेव्हन'. आणि परदेशी खेळाडू आणले.

परदेशी खेळाडू म्हणजे हिमालयापलीकडून हिवाळ्यात येणारे पक्षी. सात करकोचे आणि एक पेलिकन. करकोच्यांच्या टांगा अशा, की मधल्या रेषेवरून एका ढांगेत गोलापाशी. पेलिकन गोलकीपर. चेंडू आला की तो चोच उघडायचा आणि चेंडू झोळीत जायचा.

आवडाक्कांना पंतांनी बोलावून घेतलं. "अक्का, तुम्ही या क्लबच्या सदिच्छादूत," पंत म्हणाले.

"त्यात काय करायचं आसतंय?"

"खुर्चीवर बसायचं. लोक येतील, तुमच्याशेजारी उभे राहतील."

"आणि चेंडू आला तर?"

"चेंडू तुमच्याकडे येणारच नाही," पंत प्रेमाने म्हणाले.

आवडाक्का खुर्चीवर बसल्या. दर रविवारी त्यांना हार घालायचे आणि शेजारची शेळी तो मध्यंतरापर्यंत खाऊन टाकायची. संघ मात्र जिंकायला लागला. पाच-शून्य, सात-शून्य. मुलांनो, खोटं कशाला सांगू, आवडाक्कांनाही बरं वाटायचं. जिंकणं कुणाला आवडत नाही? त्याही टाळ्या वाजवायच्या. फक्त पेलिकनच्या दिशेने चेंडू निघाला, की त्यांची नखं आपोआप खुर्चीत रुतायची. मोसम संपत आला तेव्हा खुर्चीला हात उरले नव्हते.

निळा पिसारा इलेव्हन अंतिम सामन्यात पोचला. समोर पिंपळबन. पंतांनी सामना मुद्दाम चैत्रात ठेवला, कारण तोवर त्यांचा पिसारा पुरता भरणार होता.

पण पक्ष्यांच्या करारात एक ओळ होती. "वारा फिरेपर्यंत." ती कुणी वाचली नव्हती. पंतांनी करार हातात घेतला होता खरा, पण त्याचा कागद गुळगुळीत होता आणि त्यात त्यांना त्यांचा तुरा दिसला.

सामन्याच्या दिवशी सकाळी वारा फिरला. करकोच्यांनी माना उत्तरेकडे वळवल्या. पेलिकनने झोळी झटकली. त्यांचा कप्तान नम्रपणे म्हणाला, "छान वस्ती आहे तुमची. येतो आम्ही." आणि आठही जण उडाले.

मैदानावर उरले तिघे. भीमाप्पा, एक ससा आणि एक रानडुक्कर.

पंतांनी विसोबांना बोलावलं. "सामना सोडतोय असं कळवा. आजारपण म्हणून सांगा."

"कुणाचं आजारपण?" विसोबांनी विचारलं.

"संघाचं."

आवडाक्का खुर्चीवरून उतरल्या. त्यांना उतरायला जरा वेळ लागला. सगळे बघत राहिले.

"पंत," त्या म्हणाल्या, "लोक दशम्या बांधून आल्यात. आजारी कोण हाय ते मैदानात जाऊन बघू की."

"पण अकरा कुठे आहेत?"

आवडाक्कांनी गर्दीकडे पाहिलं. "ह्यातलं आठ."

आठांत आवडाक्का स्वतः होत्या, दोन जुने खेळाडू होते आणि एक शेळी होती. ती हाराच्या आशेने आली होती, पण आली होती. निळे सदरे करकोच्यांच्या मापाचे. ते ससे-डुकरांच्या पायांत अडकायचे. म्हणून त्यांनी ते काढून ठेवले.

मुलांनो, तुम्हाला वाटत असेल, आता हे जिंकले. नाही जिंकले. चितळांनी पहिल्या अर्ध्या तासात चार गोल केले. चौथ्या गोलानंतर शेळीने विचारलं, की आपण कुठल्या बाजूला खेळतोय. तोवर पाचवा झाला.

सत्तराव्या मिनिटाला पिंपळबनला पेनल्टी मिळाली. चितळांचा कप्तान चेंडू मांडून उभा राहिला. आवडाक्का जिथे होत्या तिथे बसल्या. त्यांच्या मनात आलं, मी म्हातारी झाले, उजवीकडे झेपावले तर डावी बाजू मोकळी राहील, डावीकडे झेपावले तर परत उठवायला कोण येईल. मग त्यांनी दोन्ही विचार सोडले आणि जमिनीला घट्ट चिकटल्या. गोलकीपर झेपावणारच असं समजून चितळाने चेंडू बरोबर मधे मारला.

तो आवडाक्कांच्या पोटावर आपटला आणि भीमाप्पाच्या पायापाशी पडला. भीमाप्पाने घाबरून तो लांब उडवला. फिरलेल्या वाऱ्याने तो उचलला. चेंडू सबंध माळावरून गेला आणि पिंपळबनच्या गोलात पडला. त्यांचा गोलकीपर तेव्हा आपल्याच कप्तानाची पेनल्टी बघायला मधल्या रेषेपर्यंत आला होता.

मग चितळांनी सहावा केला आणि सामना सहा विरुद्ध एक असा संपला. करवंदवाडी तीन दिवस नाचली.

पंतांना हे कळेना. "सहा गोलांनी हरून नाचता?" ते म्हणाले.

"पाच गोलांनी, पंत," भीमाप्पा म्हणाला. "एक आपला हाय."

पंतांनी क्लब गुंडाळून सागबनात नेला. नाव त्यांचं होतं, ढाल त्यांच्या नावावर होती, स्पर्धेतली जागाही त्यांचीच. करवंदवाडीला माळ राहिला, कारण तो उचलता येत नव्हता.

पुढच्या रविवारी कुणी बोलावलं नाही तरी सगळे माळावर आले. आवडाक्का पळसांच्या मधे जाऊन बसल्या. नवा क्लब निघाला. सगळ्यात खालच्या गटात खेळायचं ठरलं. तेव्हा फुटबॉल महासंघाचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता. 'मालकाचे नाव.'

"क्लब सगळ्यांचा आहे," विसोबा म्हणाले. "सगळे लिहू."

सगळ्यांनी पंजे उमटवले. अर्ज परत आला. रकान्यात एकच नाव बसतं, असा शेरा होता.

दुपारभर वाद झाला. विसोबांना मालक करायला कुणी तयार नव्हतं. भीमाप्पाला केलं असतं, पण तो मागच्या मागे निघून गेला. शेवटी सगळे आवडाक्कांकडे बघायला लागले.

"मला नगं," आवडाक्का म्हणाल्या.

"अक्का, नावालाच," विसोबा म्हणाले. "क्लब आपल्या सगळ्यांचाच."

आवडाक्कांना ते पटलं नव्हतं. पण अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून त्यांनी रकान्यात नख टेकवलं.

नवा क्लब पहिला सामना दोन गोलांनी हरला. "चालायचंच," सगळे म्हणाले. दुसरा चार गोलांनी हरला. सगळ्यांनी दशम्या न सोडताच घरी नेल्या. तिसऱ्या सामन्यात मध्यंतराला तीन गोल बसले होते. तेव्हा केळीच्या पानावर लिहिलेला एक फलक माळावर वर आला. 'मालक हटाव, क्लब बचाव.' फलक विसोबांनी धरला होता. घोषणा सगळी वस्ती देत होती. शेळी सगळ्यात जोरात देत होती.

आवडाक्कांनी फलक एकदा वाचला. पुन्हा वाचला.

"भीमाप्पा," त्या म्हणाल्या, "ते माझ्याबद्दल हाय का?"

भीमाप्पाला खोटं बोलता येत नसे. "व्हय, अक्का."

"सगळेच वरडायला लागल्यात?"

"सगळेच. माझी बायकोबी हाय त्यात."

"पंतांच्या वेळी वरडत हुते का असे?"

भीमाप्पाने आठवून बघितलं. "न्हाई. तवा जत्रेला आल्यागत बसायचे. टाळ्या वाजवायचे आणि घरला जायचे."

आवडाक्का थोडा वेळ त्या आरडाओरड्याकडे कान लावून बसल्या. त्यांना वाटलं, हा आवाज विकत आणता आला नसता.

"मग बरं चाललंय आपलं," त्या म्हणाल्या. "पुढं बघ, चेंडू यायला लागलाय."

तो चेंडूही गोलात गेला.

तात्पर्य : क्लब सगळ्यांचा असतो, पण फक्त जिंकत असेपर्यंत. हरल्यावर तो मालकाचा होतो. म्हणून शहाण्या वस्तीने मालक बाहेरून आणू नये. परका मालक शिव्या ऐकायला थांबत नाही. आपल्यातलाच एखादा चिकट, साधा आणि नाही म्हणता न येणारा जीव बघावा, आणि पहिला सामना हरायच्या आत त्याला त्या जागी बसवून घ्यावं.